जिंकलात? मग बदली!

आमच्या क्लबाचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. सर्जापूर रोडवरून स्कूटर नेली की अंगावर धूळ बसते, तसे ते आपोआप बसतात. कमिटीच्या एका मीटिंगला जाऊन यावं आणि घरी येऊन जरा झटकावं, दोन-तीन किस्से खाली पडतातच! ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगितले की त्या म्हणतात, "केतकी, हे तू रचतेस." मी कशाला रचू? मला मारतहळ्ळीच्या ऑफिसात दिवसभर कोड लिहायचा असतो. रचायला वेळ आमच्या कमिटीकडे आहे.

क्लब फुटबॉलचा, नाव तोरणा बॉइज. इथल्या सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेल्या मराठी इंजिनियरांनी तरुणपणी काढला. त्यातले बॉइज आता सत्तरीला आले, पण कमिटी त्यांचीच. अध्यक्ष जोगळेकर काका, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. खजिनदार हुक्केरी अण्णा, सीमाभागातले, मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलणारे. चिटणीस माझे बाबा. आणि युवा प्रतिनिधी मी, म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप चालवायचा आणि मीटिंगला मद्दूर वडे आणायचे.

टीम मात्र तरुण आहे. ती जिल्हा लीगच्या तळाच्या डिव्हिजनमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. मग बेळगावचे सुबराव सर कोच म्हणून आले आणि तीन सीझनमध्ये टीम दोनदा वर चढली! अशा माणसाचं काय करावं? ठेवावं की बदलावं? जगातल्या कुठल्याही क्लबात हा प्रश्न पडला नसता. आमच्याकडे त्यावर सगळा उन्हाळा गेला.

*

सर आले त्या पहिल्या सीझनची गोष्ट.

जोगळेकर काकांचा भाचा निखिल टीममध्ये होता. कुणी घेतला, कधी घेतला, कुणाला आठवत नव्हतं. तो मामांबरोबर आला होता आणि राहिला होता. पहिल्या प्रॅक्टिसला तो परदेशातून मागवलेले केशरी बूट घालून आला. सुबराव सरांनी सगळ्यांना ग्राउंडला फेऱ्या मारायला लावल्या. निखिल पहिल्याच फेरीत बसला.

सर त्याच्याजवळ गेले. बूट नीट निरखून बघितले.

"झकास हायत की रे बूट!"

"थँक्यू, सर."

"बूट ठेवून जा. बूट खेळवतो मी."

संध्याकाळी काकांचा बाबांना फोन. बाबांनी अर्धा तास नुसतं "हो... हो... बघू" केलं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "निखिलला काढलं म्हणून चिडलेत ना?"

"छे छे. ते म्हणतात, त्याच्याशी माझा काही संबंध नाही. फक्त सरांची मराठी शुद्ध नाही."

*

दुसऱ्या सीझनमध्ये मुलींची टीम सुरू झाली. ती कशी, तर माझ्या चपलेमुळे.

मी बाबांना घ्यायला ग्राउंडवर गेले होते. एक बॉल लांब उडून माझ्याकडे आला. मी उभ्या उभ्या लाथ मारली. बॉल सरांच्या पायाशी जाऊन थांबला आणि माझी चप्पल त्यांच्या डोक्यावरून गेली!

मला वाटलं, आता झाडणार. सर चप्पल उचलून माझ्याकडे आले.

"डाव्या पायाची हाय ही. डावरी हाईस?"

"हो."

"उद्यापास्नं ये. चप्पल घालून नको."

मी आले. मग माझ्याबरोबर जयनगरातल्या दोघी आल्या, मग त्यांच्या शेजारणी. महिन्याभरात आम्ही अकरा झालो, आणि कमिटीला घाम फुटला. काका म्हणाले, "संस्थेचं नाव तोरणा बॉइज आहे. मुली खेळवायच्या तर घटनादुरुस्ती लागेल. त्याला विशेष सर्वसाधारण सभा. त्याला गणसंख्या."

सर म्हणाले, "नाव ऱ्हाऊ दे की तसंच. मी कुठं नावाला गोल मारायला शिकवालोय?"

आम्ही पोरी आजही पाठीवर 'बॉइज' लिहिलेला टीशर्ट घालून खेळतो. समोरची टीम हसते. पहिला गोल बसेपर्यंत.

*

हाफटाइमला कमिटीनं बेंचवर येऊन खेळाडूंना सल्ला द्यायचा, ही आमच्या क्लबाची जुनी प्रथा. एका हातात फिल्टर कॉफी, दुसऱ्या हातात चिवडा, तोंडात सल्ला. ज्यांनी आयुष्यात बॉलला फक्त रस्ता ओलांडताना चुकवलं, ते काका स्ट्रायकरला सांगणार, "जरा डोकं वापर."

सुबराव सरांनी यावर नियम काढला. सल्ला देणाऱ्यानं आधी ग्राउंडला एक फेरी मारायची, मग बोलायचं. "पोरं पळून दमल्यात. तुमी बी जरा दमून या. मग बरोबरीनं बोलू."

बहुतेकांनी कॉफी संपवली आणि गप्प बसले. माझे बाबा मात्र तत्त्वाचे! म्हणाले, "नियम आहे ना? मग मारतो फेरी." आणि निघाले, पँट वर ओढत.

अर्ध्या फेरीत त्यांचा जीव गेला. ते बसले. कुठं बसले? पलीकडच्या बाजूला, समोरच्या टीमच्या बेंचवर! त्यांचा कोच भला माणूस. त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली, "सर, आराम माडी", म्हणजे आराम करा, म्हणाला. बाबांना भरून आलं. घरचं माणूस भेटल्यासारखं ते त्याच्याशी बोलत बसले. म्हणाले, "आमच्या लेफ्ट बॅकचा गुडघा दुखतोय हो. तिकडून अटॅक झाला तर आमचं काही खरं नाही."

हाफटाइमनंतर तिकडूनच अटॅक झाला. गोल!

मॅच कशीबशी बरोबरीत सुटली. घरी जाताना मी स्कूटर प्रत्येक खड्ड्यातून नेली. सिग्नलला बाबा मागून हळूच म्हणाले, "पण केतू, माझं ऑब्झर्वेशन बरोबर होतं की नाही?"

*

तिसऱ्या सीझनची शेवटची मॅच आम्ही जिंकलो आणि वरच्या डिव्हिजनमध्ये गेलो. ग्राउंडवर पोरांनी सरांना उचललं. हुक्केरी अण्णा रडले. आमचा गोलकीपर मंजू गोलपोस्टला मिठी मारून बसला, सोडेचना!

पुढच्या रविवारी काकांच्या घरी मीटिंग. बाबांनी विषय वाचून दाखवले. विषय एक, संघाच्या यशाबद्दल प्रशिक्षकांच्या अभिनंदनाचा ठराव. विषय दोन, प्रशिक्षक बदलणे.

मला वाटलं, बाबांनी चुकून जुना कागद आणला.

"काका, एक आणि दोन एकाच माणसाबद्दल आहेत?"

"अर्थात! क्लबला कोच एकच आहे."

"मग अभिनंदन कशाला? आणि अभिनंदन, तर बदली कशाला?"

काकांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा समोरच्याला नोकरीत नवीन समजतात. "हे बघ केतकी. आमच्याकडे कारखान्यात नियम होता. महत्त्वाच्या खुर्चीवर कुणालाही तीन वर्षांच्या वर ठेवायचं नाही. स्टोअर्स असो, पर्चेस असो. चांगला असला तरी बदली. किंबहुना चांगला असला तर आधी."

"काका, स्टोअर्सचा माणूस माल पळवेल म्हणून तुम्ही बदलत होता. सर काय पळवणार?"

"बॉल!" हुक्केरी अण्णा म्हणाले. त्यांना मदत करायची होती, फक्त कुणाला ते ठरलं नव्हतं.

काका म्हणाले, "विनोद नको. माणूस जिंकायला लागला की त्याला वाटतं, माझ्याशिवाय संस्था चालत नाही. हा रोग आहे. तो बळावण्याआधी इलाज करायचा."

"आणि हरायला लागला असता तर?"

"मग ठेवला असता. शिकायला संधी द्यावी लागते!"

मी बाबांकडे बघितलं. बाबा वड्याकडे बघत होते. "अण्णा, तुम्ही तरी बोला," मी म्हणाले.

"सरी," अण्णा म्हणाले. 'सरी' म्हणजे बरोबर. अण्णांना काकांचंही सरी असतं, माझंही सरी असतं.

मीटिंग सुटल्यावर चपला घालताना काका बाबांना म्हणत होते, "पेपरात बातमी आली, बघितलीस ना? कोचचा फोटो. गोलकीपरचा फोटो. अध्यक्षांचं साधं नाव नाही!"

*

नवा कोच नेमायचा म्हणजे काकांच्या पद्धतीनं तीन अर्ज हवेत. तीन आले नाहीत तर निवड बाद. जाहिरात दिली. अर्ज आले दोन.

दुसरी कुठलीही कमिटी वैतागली असती. आमच्या काकांनी शांतपणे फोन उचलला आणि सुबराव सरांना लावला. स्पीकर ऑन, कारण मीटिंगमधला प्रत्येक फोन सगळ्यांनी ऐकायचा, असा ठराव आहे.

"सर, एक विनंती होती. कोचच्या जागेसाठी तुम्हीही अर्ज करा."

"म्हंजे मला ठेवालाय?"

"नाही नाही. तुमची मुदत संपते. पण तीन अर्जांशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही. केवळ औपचारिकता."



"म्हंजे साहेब, मला काढायला माजाच अर्ज पायजे?"

"नियम आहे, सर."

मला वाटलं, आता सर बेळगावच्या खास ठेवणीतलं काहीतरी बोलणार. मी तर स्पीकरचा आवाज वाढवला! पण सर म्हणाले, "देतो की. आणि कुणी सूचक पायजे असंल तर ते बी सांगा. आमच्या घरात चौघं हायत."

काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. फोन ठेवून ते म्हणाले, "बघा! सहकार्य करणारा माणूस आहे. उगाच आपण याला हटवादी समजत होतो."

*

मुलाखती काकांच्या हॉलमध्ये झाल्या.

पहिल्या उमेदवारानं बसण्याआधी एकच प्रश्न विचारला. "प्रॅक्टिसचं ग्राउंड जयनगरला आहे?" मी हो म्हटलं. तो व्हाइटफील्डला राहत होता. त्यानं फोनमध्ये मॅप उघडला, ट्रॅफिकची लाल रेघ बघितली, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेला. चहा तसाच राहिला.

दुसरा कौस्तुभ, पुण्याचा, माझ्याहून जेमतेम मोठा. आल्या आल्या वयानुसार सगळ्यांच्या पाया पडला. काकांच्या, बाबांच्या, अण्णांच्या. चुकून माझ्याही पायांशी वाकला, मी मागे सरकले. काकांचा चेहरा असा उजळला की निवड तिथंच झाली. पुढचा अर्धा तास नुसता शिष्टाचार.

त्यानं लॅपटॉप उघडला. हिरव्या मैदानावर बाणच बाण.

अण्णांनी वाकून बघितलं. "इदु चलो आहे, छान आहे. पण हे बाण कुणाचे? आपले की त्यांचे?"

"आपले, सर. ही आपली फिलॉसॉफी आहे."

"मग त्यांचे बाण कुठे आहेत?"

कौस्तुभनं स्लाइड बदलली.

मी विचारलं, "मुलींच्या टीमचं काय?"

"नक्कीच! मुलींची टीम फेज टूमध्ये आहे."

"टीम आत्ता आहे. रोज सकाळी खेळते. फेज वनमध्ये आम्ही काय करायचं?"

तो जरा अडखळला, पण त्याची तयारी चांगली होती. "सपोर्ट," तो म्हणाला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना म्हणाले, "काकू, मला काहीतरी चिरायला द्या." काकूंनी कोबी दिला. मी तो असा चिरला की काकू म्हणाल्या, "पुरे ग, त्याचं पीठ होईल."

बाहेर आले तेव्हा काका समारोप करत होते. "संस्कार आहेत मुलावर. बाकी फुटबॉल काय, शिकता येतं!"

*

त्या रात्रीच्या जेवणाला मी बाबांना धरलं.

"तुम्हाला पटतंय हे?"

"पटण्याचा प्रश्न नाही. जोगळेकर सीनियर आहेत."

"तुम्ही रिटायर झालात, ते रिटायर झाले, आता कसले सीनियर? बाबा, सर गेले की आमची टीम संपली. फेज टू म्हणजे कधीच नाही, हे तुम्हालाही कळतं. मला ऑफिसात दिवसभर कसल्या कसल्या लोकांचं ऐकावं लागतं, ते तुम्हाला माहीत नाही. सकाळचा तो एक तास आहे म्हणून मी दिवसभर नीट वागते. आमच्यातल्या निम्म्या जणी घरी भांडून येतात. त्यांना मी काय सांगू? सर चांगले होते म्हणून घालवले?"

बाबांनी भात कालवला. "बघू," म्हणाले.

मला त्या 'बघू'ची इतकी चीड आहे! माझ्या लहानपणापासून आमच्या घरात सगळं 'बघू' आहे. सायकल बघू, हॉस्टेल बघू, केस कापायचे बघू. यांनी आयुष्यभर नुसतं बघितलं!

सकाळी प्रॅक्टिसला सरांपुढे तोच राग काढला. म्हटलं, "सर, तुम्ही भांडत का नाही? आम्ही सगळ्या तुमच्या बाजूनं उभ्या राहू. सह्या गोळा करू. ग्राउंडवर बसून राहू."

सर प्रॅक्टिसचे प्लास्टिकचे कोन मांडत होते. वर न बघता म्हणाले, "तू बॉल घेऊन एकटीच पळतीस, ते आधी थांबव. शेजारी कोण मोकळी हाय बघ आणि पास दे. मग कमिटीचं बोल."

"सर, मी सीरियसली बोलतेय!"

"मी काय जोक करालोय? पास!"

*

तरीही सर सहज गेले नाहीत, कारण आमच्याकडे कुणालाच सहज जाऊ देत नाहीत. काकांच्या नियमाप्रमाणे जुन्यानं नव्याला चार्ज द्यायचा आणि काही काळ दोघांनी एकाच खुर्चीवर काम करायचं. म्हणून उन्हाळ्यातल्या एका छोट्या टूर्नामेंटला बेंचवर दोन कोच! एका टोकाला सुबराव सर, दुसऱ्या टोकाला कौस्तुभ, मधे काका, चार्ज नीट दिला जातोय ना ते बघायला.

मॅच सुरू झाली. सर ओरडले, "वर जावा रे, वर!" कौस्तुभ ओरडला, "होल्ड! शेप होल्ड करा!" पोरं अर्धी वर गेली, अर्धी थांबली. मधे एवढी मोकळी जागा पडली की तिथे लग्नाचा मांडव घातला असता.

समोरच्यांचे दोन फॉरवर्ड मोकळे सुटले. सर: "पुढं ये, मंजू!" कौस्तुभ: "लाइनवर थांब, मंजू!" मंजू एक पाऊल पुढे आला, एक मागे गेला आणि रडवेला होऊन बेंचकडे वळून ओरडला, "सर, यार मात केळली?" कुणाचं ऐकू?

सर तिकडून गरजले, "बॉलचं ऐक!"

मंजूनं दोघांकडे पाठ केली, पुढे झेपावला आणि बॉल अंगावर घेतला. वाचलो!

काकांनी मात्र बाबांना बोलावून घेतलं. "बघितलंस? कोच असून खेळाडूला म्हणतो कोचचं ऐकू नको. शिस्त म्हणून काही आहे?"

कौस्तुभ बिचारा वाईट मुलगा नव्हता. मॅचनंतर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ते 'बॉलचं ऐक' मी माझ्या स्लाइडमध्ये टाकलं तर सरांना चालेल का?"

*

आणि आता सरांचा सत्कार.

आमच्या क्लबात कुणालाही 'जा' म्हणत नाहीत. सत्कार करतात. शाल, नारळ, गौरवाची दोन भाषणं, ग्रुप फोटो. शाल अंगावर पडली की माणसानं समजायचं, उद्यापासून यायचं नाही. आधीचे चिटणीस असेच गेले. ग्राउंड बघणारे एक मामा असेच गेले. त्यांना बरेच दिवस कळलंच नाही, ते येतच राहिले, मग त्यांचा पुन्हा सत्कार करावा लागला.

सुबराव सरांचा सत्कार रविवारी सकाळी ग्राउंडवरच ठेवला. टेबल, त्यावर पांढरी चादर, मागे मोठा बॅनर, 'निरोप समारंभ'. खाली नाव नाही, कारण बॅनर दर वेळी तोच वापरतात. समोर दोन्ही टीम मांडी घालून. आम्ही पोरी पहिल्या रांगेत, आमचे 'बॉइज' टीशर्ट घालून. मी ठरवलं होतं की रडायचं नाही आणि टाळ्याही वाजवायच्या नाहीत.

सूत्रसंचालन बाबांकडे. काकांनी सरांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. सर बोलायला उभे राहिले. "पोरं चांगली हायत. पोरी जास्त चांगल्या हायत. बास." बसले.

मग अध्यक्षीय भाषण. जोगळेकर काकांचा स्वभाव कसाही असो, माइक हातात आला की माणूस वितळतो. निरोपाचं भाषण तर त्यांचा हातखंडा! त्यांनी सुरुवात बेतानं केली. मग तळाची डिव्हिजन आली, चढलेल्या दोन डिव्हिजन आल्या. समोर पोरं रडायला लागली तसा काकांना आणखी चेव आला. "कणा! सुबराव सर म्हणजे या संस्थेचा कणा! कणा काढून माणूस उभा राहील का?" पोरांनी "नाही!" केलं. "अशी माणसं रोज जन्माला येत नाहीत!" त्यांचा स्वतःचा आवाज भरून आला. माइक दोन्ही हातांनी धरून ते म्हणाले, "मी तर या संस्थेचा अध्यक्ष म्हणून म्हणतो, सुबराव सरांनी जोवर अंगात बळ आहे तोवर तोरणा बॉइजचं प्रशिक्षकपद सोडू नये!"

मी कधी उठून उभी राहिले, मला कळलं नाही. माझ्या शेजारची माझा टीशर्ट ओढत होती.

"अनुमोदन!" मी ओरडले.

सगळं ग्राउंड टाळ्या वाजवायला लागलं. मंजू शिट्ट्या मारत होता. अण्णा "सरी! सरी!" करत टेबल बडवत होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत कौस्तुभही होता, उभा राहून, सगळ्यांत जोरात.

काका हसत हसत हात हलवत होते. मग त्यांचा हात हवेतच थांबला. ते बाबांकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, चिटणीस, सावर.

बाबांनी काकांकडे बघितलं. मग माझ्याकडे. माइक त्यांच्याकडे आला होता. मला वाटलं, आता 'बघू'.

बाबांनी घसा साफ केला. "सूचक, अध्यक्ष श्री. जोगळेकर. अनुमोदक, कुमारी केतकी. ठराव टाळ्यांच्या गजरात एकमतानं मंजूर झाल्याचं मी जाहीर करतो."

आता काका काय करणार? ज्या माणसानं आयुष्यभर मंजूर ठरावाला हात लावू दिला नाही, तो स्वतःचाच ठराव भर सभेत कसा मागे घेणार? ते हळूच खुर्चीत बसले आणि पाणी प्यायले.

फोटोवाल्यानं सगळ्यांना टेबलामागे उभं केलं. सुबराव सरांनी स्वतःच्या अंगावरची शाल बघितली. हातातला नारळ बघितला.

"मग हे आता माज्याकडं कशाला?" ते म्हणाले. त्यांनी शाल काढून जोगळेकर काकांच्या खांद्यावर घातली, नीट सारखी केली. नारळ त्यांच्या हातात दिला. "गार वारं सुटलंय, साहेब. घ्या."

"इकडे बघा, सर!" फोटोवाला म्हणाला आणि फोटो निघाला.

तो मी तिथूनच क्लबाच्या ग्रुपवर टाकला. ग्रुप चालवणं माझं कामच आहे. मधोमध शाल घेतलेले, नारळ धरलेले काका, डोक्यावर 'निरोप समारंभ'.

घरी पोचेपर्यंत पहिला मेसेज आला, म्हैसूरला राहणाऱ्या आमच्या एका जुन्या सभासदांचा. "जोगळेकर साहेब, आपल्या प्रदीर्घ सेवेस वंदन. पुढील वाटचालीस शुभेच्छा." त्याखाली आणखी एक. मग रांगच लागली. नमस्काराचे हात, गुलाबाची फुलं. कुणीतरी लिहिलं, "संस्थेला आपली उणीव भासेल." कुणीतरी विचारलं, "नवे अध्यक्ष कोण?"

आलेल्या मेसेजला उत्तर न देणं जोगळेकर काका असभ्यपणा मानतात. दुपारी जेवण करून, जरा पडून उठल्यावर त्यांनी ग्रुपवर लिहिलं,

"सर्वांचे मनःपूर्वक आभार."